जपानच्या बाजूनं कोण

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास इसरूजी निकुरे यांना आपण मेलेले सापडलो. लाल चिखलात पालथे, दोन इंच लांब, जपानी सैन्याच्या गणवेशात.

चेहरा चिखलात होता, पण कान वर होते. असे कान निकुऱ्यांच्या पाच पिढ्यांत एकाच माणसाला मिळाले आहेत, आणि तो माणूस त्या वेळी थोरल्या भावाच्या, रामाजींच्या, ओसरीवर, हातात चहाची बशी धरून, पुतण्याच्या लढाईवर वाकला होता.

"धनराज," इसरूजी म्हणाले, "हे कोण होय?"

"सैनिक होय काका."

"कोणाचा?"

"जपानचा. मेलेला आहे तो."

"मले याचे कान वळखू येऊन राह्यले."

धनराजने बांबूच्या काडीने एक झुडूप सरळ केलं. ते आधीच सरळ होतं.

एका ताडपत्रीवरून दोघा भावांत झालेल्या भांडणानंतर दोन वर्षं इसरूजींनी या ओसरीवर पाय ठेवला नव्हता. आज ठेवला, कारण थोरली बहीण भागीरथाबाई आरमोरीहून सणाला आली होती आणि तिने निरोप धाडला होता, आणि शिवाय धनराज तीनदा बोलवायला गेला होता. धनराज कुणाला तीनदा बोलवायला जातो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं. आज बैल हवा होता.

हा बैल झिंगूजींचा. रामाजी, इसरूजी आणि भागीरथाबाई यांचे वडील झिंगूजी शेहेचाळीस साली बर्माच्या लढाईवरून परत आले आणि त्यांनी दोनच गोष्टी केल्या. लढाईबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं, आणि शिवणीच्या लाकडाचा दोन फूट उंच, चार चाकांवर चालणारा बैल कोरला. पुढे वाटणीत बांध घालून शेत तोडता आलं; बैल तोडता आला नाही. म्हणून विषम साली तो रामाजींकडे आणि सम साली इसरूजींकडे राहतो. धनराजची लढाई गेल्या वर्षी, आपल्या साली, पुरी व्हायची होती. झाली नाही. हे साल इसरूजींचं होतं. आणि तान्ह्या पोळ्याला, मुलांनी लाकडी बैल मिरवण्याच्या या सणाला, गावचं मंडळ देखाव्यांची स्पर्धा घेतं; तिचा नियम एका ओळीचा आहे: देखावा कशाचाही चालेल, त्यात लाकडी बैल पाहिजे. मागच्या वर्षी चंद्रावर उतरणारं यान पहिलं आलं, तेव्हा त्याच्या शेंड्यावर बैल बसवलेला होता आणि परीक्षकांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

धनराज एक्कावन्न वर्षांचा. भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत कारकून. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून गेली, रस्ता तुटला, आणि तो तिथे एकोणीस दिवस अडकून पडला. शाळेच्या पंपाची मोटार जळाली होती. तिच्यातली तांब्याची तार उलगडता उलगडता पहिल्या दिवशी त्याच्या हातून एक माणूस वळला गेला. पूर ओसरला तेव्हा अकरा माणसं झाली होती, पैकी दोघांकडे बंदुका होत्या. घरी आल्यावर त्याने जुन्या गोठ्याचं सागवानी दार आडवं घातलं आणि त्यावर आजोबांचा बर्मा उभा करायला घेतला. तारेच्या सांगाड्यावर एम-सील, त्यावर रंग. सूरजागडच्या रस्त्यावरून गोणीभर आणलेल्या लाल मातीचा चिखल, विहिरीच्या काठावरच्या शेवाळाचं जंगल. चाळीस हिंदुस्थानी, चोवीस जपानी.

या आधी धनराजने बी.एड. अर्धं सोडलं होतं. तीनशे कोंबड्यांची शेड बांधली होती, जिच्यात कोंबडी कधी आली नाही. घराला वरचा मजला काढायचा म्हणून जिना बांधला होता. त्याच्यावरून सध्या भोपळ्याचा वेल वर जातो आणि मजला नसल्याने परत खाली येतो. तेव्हा हे दार आज चार वाजता चौकात जाणं ही धनराजसाठी काय चीज होती, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणूनच त्याविषयी कुणी बोलत नव्हतं.

इसरूजींनी बशी खाली ठेवली, धनराजच्या हातातलं भिंग काढून घेतलं आणि आघाडीची पाहणी सुरू केली.

"हा बी मीच," ते म्हणाले. पुढे सरकले. "हा बी. हा माहा संजू. हा माहा साळा, याचे दात तर पाह्य कसे बराबर काढले. हा परत मीच, पळून राह्यलो." ते दाराच्या कोपऱ्यापर्यंत पोचले. "चोवीसच्या चोवीस माह्या घरचे आहेत बे. माहा पूरा खटला जपानी केला तू."

"काका, मले मनानं चेहरे जमत नाईत," धनराज म्हणाला. "समोर फोटो लागतो. म्हणून लग्नाचा अल्बम घेतला अन् पयल्या पानापासून करत गेलो. तुमी लग्नात रुसून बसले होते, जेवणाच्या वक्ताले आले. तुमचं पान शेवटचं. तोवर आपली बाजू भरून गेली होती."

"आपली म्हंजे कोणाची?"

धनराजने दुसरं झुडूप सरळ करायला घेतलं.

"बैल माह्या घरी आहे," इसरूजी उठत म्हणाले. "म्हंजे जपान्याच्या घरी. तिथून तुमाले बैल कायले भेटन?"

हे रामाजींनी आतून ऐकलं आणि ते धोतराचा सोगा धरून बाहेर आले. दोघा भावांचा अबोला असल्याने ते भावाकडे न पाहता मुलाशी बोलले.

"धनराज, तुह्या काकाले म्हण, बसा."

"धनराज, तुह्या बापाले म्हण, मी मेलो आहो. मेलेला माणूस बसत नसते."

"त्याले म्हण, मुंडकी निघतात."

ही गोष्ट खरी होती, आणि यातच पुढचा सगळा घोळ आहे. टोपीखालची मान रंगवायला ब्रश पोचत नाही, म्हणून धनराज मुंडकी वेगळी करतो. हरभऱ्याएवढं डोकं, खाली तारेचं टोक, मानेत भोक, आणि जोडायला धावड्याचा डिंक. ओली वात मानेभोवती धरली की डिंक सुटतो आणि मुंडकं चिमट्यात येतं.

इसरूजी बसले.

"मंग मले इकडं घे," ते म्हणाले. "सारेच्या सारे. संजूले बी. साळ्याचं तुमी पाहा."

"पण इकडची चोवीस काढावी लागतीन ना काका. कोणाची काढू?"

यावर रामाजींनी दोन वर्षांत पहिल्यांदा धाकट्या भावाकडे पाहिलं. धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. 

"ब्रह्मपुरीवाले किती आहेत?" रामाजींनी विचारलं.

ब्रह्मपुरीवाले म्हणजे धनराजच्या बायकोच्या, रीताच्या, माहेरची मंडळी. ती लग्नाला वेळेवर आणि भरपूर आली होती. धनराजने मोजली. चोवीस भरली.

"पाह्य, भगवंतानंच मोजून धाडले," इसरूजी म्हणाले.

"लोकं तसे चांगले आहेत," रामाजी म्हणाले.

"चांगलेच आहेत ना भाऊ. जपानी काय वाईट राह्यतात का?"

'भाऊ' हा शब्द त्यांच्या तोंडून निघून गेला होता. तो परत घेता येणार नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी चहा मागितला. अशा रीतीने ताडपत्रीचं भांडण ब्रह्मपुरीच्या खर्चाने मिटलं, आणि दोघे भाऊ मांडीला मांडी लावून, एकाने वात भिजवायची आणि दुसऱ्याने दार धरून ठेवायचं, असे कामाला लागले.

बाराच्या सुमारास रीता चहा घेऊन आली तेव्हा इसरूजी नि त्यांचा खटला चोवीस हिंदुस्थानी धडांवर चढला होता आणि तिचे वडील, चार भाऊ व इतर आप्त एका वाटीत पडले होते.

"हे काय चालू आहे?" ती म्हणाली.

"थोडीशी बदली आहे," धनराज म्हणाला.

"माहे बाबा कुठी चालले?"

तिने दाराकडे पाहिलं. तिकडे चोवीस जपानी बिनमुंडक्याचे झाले होते. एक रिकामी मान तिच्याकडेच वळलेली होती. रीताने ट्रे खाली ठेवला, वाटी उचलली आणि पदराआड धरली.

"माहे बाबा इथी लग्नात अडीचशे माणसाले वाढत होते," ती म्हणाली. "तवा हे काका रुसून पिंपळाखाली बसले होते. आता काका जिंकतीन अन् माहे बाबा चिखलात पडतीन का?"

"पडत नाई व बाई, उभे बी आहेत काई जपानी," इसरूजी समजुतीने म्हणाले.

"मंग तुमीच राहा ना उभे."

"रीता, चार वाजता जायचं आहे," धनराज म्हणाला. "वाटी दे."

"नाई भेटत."

तिने ती दिली नाही. आत जाऊन डाळीच्या डब्यामागे ठेवली, आणि डब्यासमोर पाट टाकून बसली.

एक वाजला. इसरूजींनी शब्द पाळून बैल आणवला. तो अंगणात उभा राहिला, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ. लढाईत आता एका बाजूला चाळीस हसरे निकुरे होते आणि दुसऱ्या बाजूला कुणीच नव्हतं. नुसते गणवेश होते.

"बिनमुंडक्याचे असले तं काय झालं?" रामाजी म्हणाले. "हरलेच होते ना ते?"

"हरण्याच्या आधी त्याइले मुंडकी होते बाबा."

"टोप्या ठेवून दे वरतून."

"मानेवर टोपी?"

"दुरून कोणाले दिसते?"

धनराजने चारी बाजूंनी फिरून दार पाहिलं. मग तो खाली बसला. खुंटीवरची चादर त्याने ओढली आणि हळूहळू, जंगलाच्या टोकापासून सुरुवात करून, लढाईवर पांघरली.

"राहू द्या," तो म्हणाला. "पुढल्या साली पाहू. पुढलं साल तसंही आपलंच आहे."

आत धनराजची आई रुखमाबाई कणीक मळत होत्या. 'पुढल्या साली पाहू' हे शब्द त्यांनी ओळखले. बी.एड.च्या वेळी ते याच आवाजात आले होते. कोंबड्यांच्या वेळी आले होते. जिन्याच्या वेळी तर त्या स्वतः डोक्यावरून रेतीची घमेली वर नेत होत्या आणि अकराव्या पायरीवर त्यांना ते ऐकू आले होते. गेले चौदा महिने त्यांनी या दाराभोवतीच झाडलं होतं, सारवलं होतं. त्यांचा चिमटा, दोन वाट्या आणि कंगव्याचे सात दात त्या बर्मात गेले होते. पण दारावर काय आहे हे त्यांनी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. पाहून काय करायचं, पुरं थोडंच होणार आहे, असं त्यांना वाटलं होतं. आणि असं आपल्याला वाटलं होतं याचा त्यांना आत्ता, कणकेत मनगटापर्यंत हात असताना, फार राग आला.

त्या तशाच बाहेर आल्या. चादर ओढली. तिला कणीक लागली.

"ते भिंग दे."

धनराजने भिंग दिलं. रुखमाबाईंनी एका टोकापासून सुरुवात केली. रामाजी लागले, इसरूजी लागले, धनराज लागला, संजू लागला. त्या मेलेल्यांपर्यंत गेल्या, खंदकात पाहिलं, झुडपांमागे पाहिलं.

"मी कुठी आहो?"

"माय, ही लढाई होय," धनराज म्हणाला.

"ते दिसून राह्यलं मले. मी कुठी आहो?"

"फौजेत बाया नव्हत्या ना माय."

"तुह्या काकाचा साळा होता का फौजेत?"

साळा पंचायत समितीत शिपाई होता. 

खाटेवर पडून असलेल्या भागीरथाबाई या वेळी उठून बसल्या. ब्याऐंशी वर्षांच्या त्या बाईंनी सकाळपासून डोळे मिटून सगळं ऐकलं होतं.

"बाबाच्या लढाईचं तुमाले काय माहीत आहे?" त्या भावांना म्हणाल्या. "तुमी पैदा बी नव्हते. बाबा आला तवा मी चार वर्साची. दाढी वाढलेली, अंगावर खाकी, अन् सरळ चुलीपाशी येऊन उभा झाला. मायनं वळखलंच नाई. तिनं मुसळ उचललं अन् त्याच्या खांद्यावर हाणलं. सात रोज शेक घेत होता. बर्मात त्याले काई लागलं नव्हतं, जे लागलं ते इथीच लागलं."



"हे आमाले कोणी सांगितलं नाई," रामाजी म्हणाले.

"बाबा कायले सांगन?"

रुखमाबाईंनी हाताची कणीक खरवडली. "लाव मंग आमचे मुंडके तिकडं," त्या धनराजला म्हणाल्या.

"जपानकडून?"

"कोणाकडून का असंना. जागा तिकडंच रिकामी आहे."

रीता डब्यासमोरून उठून उंबऱ्यावर आली होती. "मी बी," ती म्हणाली. "पण मले मेलेली नाई पायजे. वाटलं तं खंदकातली दे. आडवं पडून राह्यचं."

"माह्यासाठी बसलेला पाह्य," भागीरथाबाई म्हणाल्या. "गुडघे साथ देत नाईत."

"मेलेले सात आहेत आत्याबाई," धनराज म्हणाला. "ते कोण होईन?"

"ते राहू दे ना तसेच, पालथे. कोणाले दिसते?" हे इसरूजी बोलले, आणि सकाळी आपण काय बोललो होतो ते आठवून त्यांनी घुंगरमाळ नीट करायला बैलाकडे प्रस्थान केलं.

म्हणजे सतरा मुंडकी, अडीच तासांत. धनराजने अल्बम आणला. त्यातली बायकांची पानं एकमेकांना चिकटली होती. लग्नानंतर ती कुणी उघडलीच नव्हती. वाफेवर धरून ती सोडवावी लागली. आत रुखमाबाई होत्या, सेहेचाळीस वर्षांच्या, हिरव्या साडीत, फोटोवाल्याकडे न पाहता त्याच्यामागे कुणीतरी काहीतरी सांडत असावं तिकडे पाहणाऱ्या.

रीताने एम-सीलच्या गोळ्या वळून दिल्या, लाडवाच्या हाताने, सगळ्या एका मापाच्या. इसरूजींच्या घरून त्यांची सून स्वाती आली आणि तिने आपला चेहरा समोर बसून काढून घेतला, कारण धनराजच्या लग्नाच्या वेळी ती दुसरीत होती. तेलरंग वाळायला वेळ लागतो म्हणून ओठ, भुवया आणि कुंकू नेलपॉलिशने काढलं. जपानी टोपीखाली अंबाडा बसेना. धनराज अंबाडा कापू लागला, अंबाडा नको, टोपी काप असं त्याला चौघींनी सांगितलं. त्याने टोप्यांना मागून खाचा पाडल्या. चौदा महिन्यांत त्याचा हात इतका सरळ चालला नव्हता. त्याने एकदाही वर पाहिलं नाही, आणि त्याला कुणी काही विचारलं नाही.

पावणेचारला शेवटचं मुंडकं बसलं. चौकाकडून ढोल ऐकू येऊ लागला. दोघा भावांनी बैल उचलून दाराच्या मागच्या अंगाला, टेकडीपाशी ठेवला. टेकडी त्याच्या गुडघ्यापर्यंत आली.

"हे बराबर नाई," धनराज म्हणाला. "माणसं दोन इंचाची, बैल दोन फुटाचा. मापानं धरलं तं हा बैल साठेक फूट उंच होते."

"मंग?"

"बाबा, साठ फुटाचा बैल लढाईत उभा असन तं जपानी पळून नाई जाणार का?"

"पळालेच ना," रामाजी म्हणाले. "जिंकलो ना आपण."

 बैल राहिला.

चौघांनी दार उचलायचं ठरलं. धनराज आणि स्वाती एका बाजूला, इसरूजी आणि रामाजी दुसऱ्या. पण रामाजी म्हणाले, थांबा जरा, आणि त्यांनी भिंग घेतलं. सकाळपासून सगळ्यांनी पाहून झालं होतं; त्यांनी स्वतःला अजून पाहिलं नव्हतं.

ते टेकडीच्या उतारावर होते. अधिकारी, पोट पुढे, डोळ्यांना दुर्बीण लावून नदीकडे पाहत असलेले. नदीत काही नव्हतं. रामाजींना हा देखणा वाटला. मग त्यांनी भिंग सहज खाली उतरवलं, आणि समोरच्या झुडपात, मशीनगनच्या मागे, गुडघा टेकून बसलेल्या रुखमाबाई दिसल्या. त्यांनी नळीच्या रेषेत भिंग परत वर आणलं. रेषा सरळ त्यांच्या पोटावर येत होती.

"धनराज," ते म्हणाले, "ही बंदूक माह्याकडंच काऊन वळली?"

"ती आधीपासून तशीच आहे बाबा. बसणारं माणूस बदललं."

"अन् ही जागा हिले कोणी दिली?"

"मी मागितली," रुखमाबाई म्हणाल्या. त्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. हात धुऊन झाले होते, लुगडं बदललं होतं. सणाच्या दिवशी या वेळी त्या कधी मोकळ्या नसत.

"माह्यावर नेम धरून राह्यली तू."

"बावन वर्सं झाले धरून. तुमाले आता दिसली."

इसरूजी भलतीकडे पाहू लागले. ढोल वेशीपाशी आला होता. "बाबा, उचलायचं ना?" धनराज म्हणाला.

 रामाजींनी करंगळी जिभेला लावली आणि ओल्या बोटाने दुर्बीणवाल्या अधिकाऱ्याची मान दाबून धरली. डिंक सुटायला वेळ लागतो. ते वाकून तितका वेळ थांबले. मग दोन बोटांत ते हरभऱ्याएवढं डोकं धरून त्यांनी हळूच फिरवलं. दुर्बीण हातात होती तशीच नदीकडे राहिली, पण चेहरा झुडपाकडे वळला.

"उचला," ते म्हणाले.